त्यात काय आहे?

जावई आमचा आयर्लंडचा, कॉर्क गावचा. मुलगी तिकडेच नोकरीला असते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला दोघे नगरला आली, ती ऐन वसुबारसेच्या संध्याकाळी. गल्लीच्या टोकाला गोठा आहे, तिथल्या गाय-वासराची पूजा करून मी परतले, तर मुलगी दारातच अवघडून उभी. म्हणाली, “आई, ह्याला एक दिवस तुम्हां सगळ्यांना स्वयंपाक करून घालायचाय. त्याच्या आईच्या हातचा एक रस्सा आहे, थंडीतला. पण तू रागावू नकोस.”

रागावण्याजोगे काय होते ते लगेच कळले. तो रस्सा गोमांसाचा असतो आणि त्यात काळीभोर कडू बिअर ओततात. निरांजन माझ्या हातात अजून तेवत होते!

तसा बाजारापुरता प्रश्न कायद्याने मिटवलेलाच होता. गाय कापायला महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानेच मनाई होती. २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. शिवाय मुलीने त्याला आधीच बजावले होते, आणि तोही मटणच वापरणार होता. मग माझे मन कशाने खट्टू झाले? आम्ही काही शाकाहारी नव्हे. काळ्या मसाल्याचे मटण आणि बाजरीची भाकरी यांवर आमच्या घरात दोन पिढ्यांनी ताव मारला आहे. बोकडाला जीव नसतो असे मी कुणाला पटवू शकणार नाही. तरी मन म्हणत होते, हा एवढा गुणी मुलगा, आल्याआल्या माझ्या पाया पडला; आणि हा ते खाऊन वाढला! म्हणजे माझी तक्रार पातेल्याबद्दल नव्हती, माणसाबद्दल होती. हे ध्यानात आले आणि मला माझीच थोडी भीती वाटली.

त्या रात्री मुलीने हट्ट धरला, की ह्याला वसुबारसेची कहाणी सांग. ती तुम्हांला ठाऊक असेलच. सासू शेतावर जाताना सुनेला गहू-मूग शिजवून ठेवायला सांगते. घरात गव्हाळी-मुगाळी वासरे असतात. सून बिचारी तीच कापून शिजवते. मी सांगत होते आणि माझी मलाच नवलाई वाटत होती. गाईची पूजा करायच्या दिवशी आमच्या आज्या-पणज्या वासरे शिजवल्याची गोष्ट सांगत आल्या, पोरीबाळींना समोर बसवून! आणि त्या गोष्टीतली सासू सुनेला घराबाहेर काढत नाही. देवापुढे बसून तिच्या अपराधाची क्षमा मागते, वासरे परत मागते. संध्याकाळी गाई रानातून येतात, आणि वासरे उड्या मारीत त्यांना जाऊन भिडतात. सुनेने एवढेच विचारले असते की “म्हणजे काय शिजवू?”, तर पुढचे सारे टळले असते.

जावई शांतपणे ऐकत होता. मग त्याने सांगितले, की त्यांच्या जुन्या कथांमध्येही एका बैलासाठी मोठे युद्ध झालेले आहे. आमचे हे तेवढ्यात विराटाच्या गोग्रहणावर घसरले. जुन्या काळी त्यांच्याकडे संपत्ती गाईंवरच मोजीत. गाय दुधालोण्यासाठी राखायची. गरिबाघरचा अस्सल जुना रस्सा मेंढीच्या मटणाचा, त्यात बटाटे आणि कांदे. गोमांस आणि काळी बिअर ही पुढची, बऱ्या दिवसांतली भर.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने ओटा ताब्यात घेतला. बोकडाच्या मांडीचे आणि नळीचे तुकडे पुसून कोरडे केले, कणीक लावून लोण्यात थोडेथोडे परतले. एकदम सगळे घातले तर पाणी सुटते, रंग धरत नाही. मग कांदा, गाजर, लसूण, तमालपत्र. आमच्या घरात दारू येत नाही म्हणून त्याने जव घेतले आणि जवळजवळ करपेपर्यंत भाजले. त्या बिअरचा काळेपणा आणि कडूपणा भाजलेल्या जवाचाच असतो म्हणे. ते उकळून गाळले, त्यात चिमूटभर कॉफी नि गुळाचा खडा. आमच्या काळ्या मसाल्याचे कांदा-खोबरे भाजतानाही असाच धीर लागतो. चांगले आणि जळके यांत पळभराचे अंतर. “कुकर लाव की,” मी म्हटले. तो हसून मानेनेच नाही म्हणाला. चिवट मांस मंद आचेवर हळूहळू विरघळते आणि रश्शाला दाटपणा येतो. बटाटे शेवटच्या तासात. तीन तास लागले. घरात तिखट नाही, मसाला नाही, आणि तरी भूक लागेल असा वास!

पण मला सांगायचे ते वेगळेच. चूल पेटवण्यापूर्वी त्याने प्रत्येक जिन्नस ओट्यावर मांडला आणि मुलीकरवी मला त्याचे नाव सांगितले. मटणाची पिशवी उघडून दाखवली. मी विचारले नव्हते. विचारावेसे वाटले होते, हे त्याला कळले असावे.

नको असलेले अन्न नाकारण्याचा हक्क मला आहे, आणि तो मी सोडणार नाही. पण “त्यात काय आहे?” या प्रश्नाच्या आत पुष्कळदा “तू कोण आहेस?” हा प्रश्न असतो. आमच्या जिल्ह्याने हे जवळून पाहिले आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात एकत्र राहू लागल्यावरही त्यांचे सोवळे चालू होते. नवऱ्यावर माया, पण अन्नपाण्याचा विटाळ! राहुरीत त्यांनी तो टाकला, बाप्तिस्म्याच्या आधीच. ‘स्मृतिचित्रे’ मी किती वेळा वाचले. पण आपल्याला लागू आहे असे वाटले नव्हते.

जेवणे झाली. यांनी ठेचा लावून दोनदा घेतले, मी एकदा. “तुझ्या आईसारखा झाला का?” मी विचारले. “नाही,” तो म्हणाला. मला ते आवडले.

मग, का कोण जाणे, मी त्यांना ती गोष्ट सांगितली. १९६३ चा नाताळ. मी अकरा वर्षांची, वर्गातल्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी प्रथमच गेलेले. तिच्या आईने बशीत करंजी दिली, आमच्या घरी होते तशीच, मुरड घातलेली. मी विचारले, “त्यात काय आहे?” त्या बाई क्षणभर थांबल्या. “खोबरं आहे, बाळ,” म्हणाल्या. मैत्रीण खिडकीबाहेर पाहू लागली.

मुलीने त्याला हे समजावून सांगितले. त्याने काहीतरी विचारले. “आई, तो विचारतोय, मग खाल्लीस का करंजी?”

नाही. परकराच्या ओच्यात बांधून आणली, आणि दिल्ली दरवाज्यापाशी कुत्र्याला घातली.