आग सोमेश्वरी
लहान मुलाचा ताप पाचव्या दिवशीही हटत नाही, रक्ताचा रिपोर्ट येतो आणि घरातल्या सगळ्यांची नजर ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. यकृताचं एन्झाइम, एसजीपीटी वाढलंय. कोणी कावीळ म्हणतं, कोणी डेंगी. आजी तेलतूप बंद करून टाकते. बरेचदा या शंकांत तथ्यही असतं. पण कधीकधी दुखणं यकृताचं नसतंच. आग सोमेश्वरी आणि आपला बंब रामेश्वरी.

कावासाकी आजारात असं घडू शकतं. रक्तवाहिन्यांना सूज आणणारा हा आजार बहुतेक करून पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेले, जीभ लालभडक, अंगावर पुरळ, तळहात-तळपाय सुजलेले, मानेत गाठ. बीसीजी टोचल्याची जागाही काही बाळांत लाल होते; झबलं वर करून ती पाहायला पैसे पडत नाहीत, तरी राहून जातं. तान्ह्या बाळांत ही लक्षणं अर्धीमुर्धीच दिसतात. तिथे रक्ताच्या तपासण्यांचा आधार लागतो: सूज दाखवणारं सीआरपी चढलेलं, रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन घटलेलं आणि तेच ते एसजीपीटी.

यकृताची ही कुरबुर बहुधा सौम्य असते आणि आपसूक शमते. खरा घाला हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवर. उपचार झाले नाहीत, तर चारातल्या जवळपास एका मुलात त्या फुगतात. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं दिली, तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणून 'आधी कावीळ उतरू दे, मग बघू' हे मला धोक्याचं वाटतं.

खुद्द डॉ. तोमिसाकू कावासाकींनाही हृदयाचं हे प्रकरण सुरुवातीला उमगलं नव्हतं. १९६१मध्ये टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात त्यांनी चार वर्षांचा एक मुलगा पाहिला. तो बरा होऊन घरी गेला, कागदावर निदान मात्र 'अज्ञात'. दुसरा कोणी ते विसरला असता. त्यांनी तशी मुलं टिपून ठेवली आणि १९६७मध्ये पन्नास जणांची हकीकत छापली. आजार आपोआप बरा होतो, असाच तेव्हा समज होता. १९७०च्या देशव्यापी पाहणीत काही मुलं हृदयामुळे अचानक दगावल्याचं शवविच्छेदनातून कळलं, तेव्हा तो समज मोडला.

आता निदान होताच हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको करतात, पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा करतात. दरम्यान एसजीपीटी जागेवर आलेलं असतं, मूल घरभर हुंदडत असतं आणि दुसरा इको टाळावासा वाटतो. तो टाळू नये. आणखी एक: इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवराची लस अकरा महिने पुढे ढकलतात. ती तारीख डॉक्टरांकडून लसीच्या कार्डावरच लिहून घ्यावी.