मोह वेचायला निघालेली आजी



मार्कंडा परिसरात मोहफुलांचे दिवस आले की पहाटेच टोपली घेऊन रानात जायचे, ही सवय हाडांत मुरलेली. म्हणून एखादी आजी भर पावसाळ्यात मध्यरात्री उठते. "मोहा पडला असंल, मले जाऊ दे," म्हणत दाराची कडी काढते. सून अडवते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सकाळी आजी शेजारणीला सांगते, "हिनं मले उपाशी ठेवलं." आणि शेजारीण ते खरे मानते! मीसुद्धा एकदा अशाच घरी जाऊन सुनेलाच चार शब्द सुनावून आलो होतो.

हा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. मेंदूचा आजार. 'वय झाले, चालायचेच' असे आपण म्हणतो. नाहीतर, मुलासुनेने माया दिली नाही म्हणून डोके फिरले, असे म्हणतो. डॉ. विक्रम पटेल व डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. तिथल्या लोकांनीही त्यांना हेच सांगितले होते. सेवा करणारीच आरोपी!

पुढे गोव्यातच डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी अशी 81 कुटुंबे निवडली. थोडे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरी जाऊन आजार समजावत, सेवा करणाऱ्याचे ऐकून घेत. 2008 साली निष्कर्ष आले. आजार काही हटला नव्हता, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला होता.

बेनसिराच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, पित्याची बुद्धी मंदावली तरी त्याला समजून घ्यावे. हे लेकाला सांगितले आहे बरे! आपण ते सुनेच्या गळ्यात टाकतो. आणि प्रभू येशूने क्रुसावरून आपली आई सोपवली ती एका शिष्याला.

आजीशी वाद घालू नका. टोपली हाती द्या, अंगणात दोन फेऱ्या मारा, पाणी पाजा. एकदा डॉक्टरांनाही दाखवा, कारण थायरॉईडने किंवा बी-12 जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे.

ती सून कित्येक रविवार मिस्साला आलेली नाही. येत्या रविवारी त्या वेळी आजीजवळ कोण बसणार, ते आज देवळाच्या अंगणातच ठरवू या. नावे मी लिहून घेतो. पुरुषांचीही.