पाणी आपल्याला जोखते

एखाद्या माणसाची परीक्षा झाली की आपण म्हणतो, ‘त्याचे पाणी जोखले.’ मराठीने पाण्यावर मोठीच मेहेरबानी केली आहे. तरवारीला पाणी असते, मोत्याला असते, माणसालाही असते. परंतु माणूस पाणी जोखीत असता पाणीही माणसाला जोखीत असते, हे माझ्या ध्यानात आले ते एका वापरलेल्या हौदामुळे.

हा हौद पोहण्याचा. अमेरिकेत पुष्कळ घरांच्या परसात असा हौद जमीन न खणता तिच्यावरच उभा केलेला दिसतो. पातळ पत्र्याची गोल भिंत, तिला धरून ठेवणारे खांब व कडी, आत प्लॅस्टिकचे अस्तर, शेजारी पंप आणि गाळणी, व चढउतारासाठी शिडी, एवढाच त्याचा संसार. मुले मोठी होऊन घराबाहेर पडली की हौद ओस पडतो आणि ‘स्वतः सोडवून घेऊन जावा’ अशी जाहिरात लागते. न्यू जर्सीतील आमच्या घरामागे आलेला हौद असाच एका वृद्ध जोडप्याकडचा होता. व्यास 24 फूट, भिंत 52 इंच उंच.

जुनी वस्तू घेताना तिच्यातले काय घ्यावे आणि काय टाकावे, हा विवेक लागतो. भिंत घ्यावी, मात्र पाणी आतबाहेर करणाऱ्या भोकांभोवती गंज आहे का, ते बोटाने दाबून पाहावे. खांब घ्यावेत, शिडी घ्यावी. अस्तर मात्र घेऊ नये. वर्षानुवर्षे एका हौदाच्या अंगावर बसलेले प्लॅस्टिक पाणी काढताच आक्रसते, ताठर होते, आणि दुसऱ्या जागी ताणायला गेले की फाटते. पूर्वजांकडून आलेल्या गोष्टींचेही मला असेच वाटते. सांगाडा पुष्कळदा उत्तम असतो. त्यावरचे कातडे ज्याचे त्याने नवे घालावे.

खरी कसोटी सुरू होते जमिनीपाशी. या हौदात चार फूट पाणी भरले की ते सुमारे 51 हजार लिटर होते, म्हणजे जवळजवळ 51 टनांचे ओझे. एवढ्या ओझ्याखाली जमीन सपाट हवी; साऱ्या व्यासात एक इंचाहून अधिक फरक नसावा, असा या कामातला दंडक आहे. मध्यभागी खुंटी ठोकून तिच्याभोवती लांब फळी फिरवायची, फळीवर पाणसळ ठेवायची आणि चढ-उतार हेरायचे. इथे नवख्याला मोह होतो तो खळग्यात माती टाकण्याचा. जाणते लोक सांगतात, तसे करू नका. भर घातलेली माती ओझ्याखाली दबते आणि हौद एका अंगाला कलतो. सपाटी साधायची ती उंचवटा खणून.

मला हा नियम फार विचार करायला लावणारा वाटतो. समाजात समता आणण्याची भाषा आपण करतो तेव्हा बहुधा खळगे भरण्याचीच भाषा करतो: थोडे दान, थोडी सवलत, थोडी सहानुभूती. ते सारे आवश्यक आहे. परंतु उंचवट्यावर उभ्या असलेल्याने आपल्या पायाखालची चार बोटे माती काढावी, हे कुणाला सुचत नाही. सुचले तरी रुचत नाही. पाण्याला मात्र आपली भाषणे ऐकू येत नाहीत. ते आपली पातळी धरून बसते आणि हौदाची कड किती वाकडी आहे, ते साऱ्या आळीला दाखवते.

पाणी भरल्यावरही त्याची शिकवणी संपत नाही. चार दिवसांत पातळी खाली गेली की घरात एकच ओरड होते, ‘गळतोय!’ अशा वेळी बादली कामाला येते. हौदाच्याच पाण्याने बादली भरून ती शिडीच्या पायरीवर पाण्यात ठेवायची, आतली व बाहेरची पातळी खुणेने नोंदायची आणि एक दिवस थांबायचे. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर दोष उन्हावाऱ्याचा; हौदाची अधिक उतरली तरच अस्तरात भोक शोधायचे. आरोपापूर्वी एक दिवस थांबण्याची ही रीत घराघरांत आली तर कितीतरी भांडणे वाचतील.

आणखी एक मौज सांगतो. पोहण्याच्या तलावाजवळ जो उग्र वास येतो, तो आपण स्वच्छतेचा समजतो. वास्तविक क्लोरिन जेव्हा घाम, मूत्र यांसारख्या अंगच्या मळाशी संयोग पावते, तेव्हा तो वास सुटतो. नीट राखलेल्या पाण्याला वास जवळजवळ नसतोच. पावित्र्याचेही असेच असावे. त्याचा दर्प फार आला की आत काहीतरी नासले आहे, असे खुशाल समजावे.

हौद उभा राहिला, पाणी निवळले आणि मग खरा प्रश्न पुढे आला, तो शिडीचा. अमेरिकेत 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बुडणे हे आहे. म्हणून वापर नसेल तेव्हा शिडी काढून ठेवावी किंवा कुलूपबंद करावी, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, आणि तो योग्यच आहे. पण शेजारची मुले कुंपणापाशी येऊन उभी राहू लागली तेव्हा घरातच दोन पक्ष पडले. ‘दुसऱ्याच्या मुलाची जोखीम आपण का घ्यावी? शिडी काढलेलीच बरी,’ असे एका पक्षाचे म्हणणे. ते अगदीच चुकीचे होते, असे मला म्हणवत नाही.

त्या मुलांबरोबर त्यांचे आजोबा येत. कृष्णवर्णीय गृहस्थ, मूळचे मिसिसिपीतील जॅक्सनचे. ‘आपणही उतरा ना पाण्यात,’ असे मी म्हटल्यावर ते हसले. पोहायला शिकण्याच्या वयात त्यांच्या गावचे तलाव बंद झाले होते. जॅक्सन शहराने 1963 साली आपले सार्वजनिक तलाव गोऱ्या-काळ्यांना एकत्र खुले करण्याऐवजी चालवणेच थांबवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1971 साली पाचास चार मतांनी निकाल लागला की, तलाव सगळ्यांनाच बंद असल्यामुळे त्यात भेदभाव नाही! अनेक शहरांत तलाव सर्वांना खुले झाले तेव्हा पुष्कळ गोऱ्या कुटुंबांनी तिकडे पाठ फिरवून खासगी क्लब आणि परसातले हौद जवळ केले.

हे ऐकताना मराठी माणसाला महाड आठवल्याशिवाय कसे राहील? चवदार तळे सर्वांना खुले, असा ठराव तिथल्या नगरपालिकेने 1924 सालीच केला होता. तरी ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर स्पृश्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली, आणि उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागायला 1937 साल उजाडले. दोन देश, दोन भाषा. पाण्याने घेतलेली परीक्षा एकच.

मग शिडी काढून ठेवणे धर्म की अधर्म? मला वाटते, उत्तर शिडीत नाही. कुंपण कुणाच्या काळजीने घातले, ते पाहावे. जे बाहेरच्याचा जीव जपण्यासाठी घातलेले असते, ते उघडण्याची वेळही ठरलेली असते आणि उघडणारा माणूसही. जे आतल्याच्या भीतीपोटी घातलेले असते, त्याला वेळ नसते, माणूस नसतो. सबबी मात्र पुष्कळ असतात. सुरक्षिततेचे नाव दोघेही घेतात, म्हणून फसगत होते.

आमच्याकडे शेवटी असे ठरले की पोहता येणारे एक वडीलधारे माणूस काठावर बसेल तेवढाच वेळ शिडी लागेल, आणि शिडी लागली की शेजारची मुलेही आईबापांना विचारून चढतील. याची किंमत उन्हाळ्यातल्या रविवार दुपारच्या झोपेने मोजावी लागते. उंचवटा खणायचा तो आपलाच, हे एकदा मान्य केले की झोपेचा हिशेब फारसा अवघड जात नाही. आजोबा अजून पोहत नाहीत. पण आता पाण्यात उतरून, छातीएवढ्या पाण्यात भिंतीला हात लावून उभे राहतात आणि नातवंडांना ओरडतात.

दिवाळीच्या सुमारास तिकडे थंडी पडू लागते. हौदातले पाणी थोडे उतरवून वर ताडपत्री ताणतात. पाणी सगळे काढत नाहीत, कारण त्याच्या आधारानेच भिंत आणि अस्तर हिवाळा काढतात. शिडी तेवढी घरात येते. ती कोनाड्यात उभी दिसली की मी मनाशी म्हणतो, हिला फार लांब ठेवू नये.