नाथांची कावड आणि चौथा गट

काशीची गंगा कावडीने रामेश्वराला न्यायची, हा नाथमहाराजांचा संकल्प. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले आणि नाथांनी ते पाणी त्याच्या मुखी घातले. ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकली आहे. तिच्यातून भूतदयेचा बोध घेतो, तो योग्यच आहे. पण कथेत आणखी एक बारीक गोष्ट आहे. कावड नाथांची स्वतःची होती. खांद्यावरचे ओझे त्यांचे, चाललेली वाट त्यांची, रामेश्वराच्या अभिषेकाचे पुण्यही त्यांचेच. जे सोडायचे ते त्यांनी आपल्या पदरचे सोडले.

विज्ञानही अशीच एक कावड घेऊन निघालेले असते. पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल असे ज्ञान मुक्कामापर्यंत न्यायचे असते. त्या वाटेवर कोणी तहानलेला भेटला तर काय करावे? हा प्रश्न पुस्तकातला नाही, आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे.

पैठणहून निघालेली नाथांची पालखी परंड्यावरून पंढरीला जाते. परंडा ज्या जिल्ह्यात आहे तो तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव. या जिल्ह्यातल्या गावांत १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठी चाचणी झाली. मुंबईचे टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि कर्करोगावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था यांनी ती मिळून केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा तिच्यात समावेश होता. गावांचे ५२ समूह करून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले गेले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या देऊ केल्या. एका गटात कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी होती, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात औषध लावून डोळ्यांनी पाहण्याची. चौथा गट तुलनेसाठी होता. त्याला चाचणीतर्फे तपासणी नव्हती, नेहमीची सरकारी सेवा जी असेल ती.

आठ वर्षे नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणूची चाचणी मिळालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या. चौथ्या गटात स्त्रियांची एकूण संख्या थोडी कमीच होती, तरी ६४ गेल्या.

आता दोन्ही बाजू न्यायाने ऐकल्या पाहिजेत. संशोधक म्हणतात, न तपासलेला गट नसता तर तपासणीने जीव वाचतात हे सिद्ध कसे झाले असते? त्या गावांत आधीही अशी तपासणी नव्हती; चाचणी झाली नसती तर चारही गटांना काहीच मिळाले नसते. हे म्हणणे पोकळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणूची चाचणी ही पहिली पसंतीची तपासणी म्हणून सांगितली. त्यामागच्या आधारांत धाराशिवच्या या आकड्यांना मोठे स्थान आहे.

टीकाकार म्हणतात, श्रीमंत देशांत पेशींची तपासणी कित्येक दशके चालू होती आणि तेथे या रोगाचे मृत्यू घटलेले सर्वांना दिसत होते. पाण्याने तहान भागते हे ठाऊक असताना एका गटाला कोरडे ठेवून मृत्यू मोजणे कितपत धर्माचे? मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून झालेल्या अशाच दुसऱ्या चाचणीत स्त्रियांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा ठपका अमेरिकेच्या सरकारी देखरेख कार्यालयानेही पुढे ठेवला. त्या चाचणीला पैसा अमेरिकेचा होता.

हा वाद संपलेला नाही. पण आपल्या संप्रदायाच्या दृष्टीने पाहिले तर मूळ प्रश्न वेगळाच दिसतो. त्याग आपल्या वाट्याचा करता येतो. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग आपण परस्पर करून टाकला, तर त्याला दान म्हणत नाहीत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा आपल्याच अंगात टोचून घेतली. आधी आपले अंग, मग दुसऱ्याचे. त्यांचे नाव आजही परळच्या संस्थेला आहे. मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना ती लस टोचली गेली. कैदी स्वखुशीने पुढे आले असे म्हणतात. पण भिंतीच्या आत, रोगाच्या भयात असलेल्या माणसाची खुशी किती मोकळी असते? आणि नावाजलेल्या दवाखान्याचा डॉक्टर दारात उभा असताना गावातल्या शेतमजूर बाईचे ‘हो’ तरी किती मोकळे असते? कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. आपल्याला काय मिळणार, काय मिळणार नाही आणि बाहेर दुसरा कोणता उपाय आहे, हे उमजल्यावर दिलेला होकार म्हणजे संमती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या क्रूर प्रयोगांचा खटला चालला, तेव्हा १९४७ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने हाच नियम पहिला घातला. आपल्या देशाच्या वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही माणसाला समजेल अशा भाषेत सांगूनच संमती घ्यायला सांगतात.

म्हणून प्रयोग करणे हे पाप नाही. जाणून, समजून जो आपला देह ज्ञानासाठी देऊ करतो तो रक्तदात्यासारखाच दाता आहे. मात्र दान त्याचे आहे, हे मागणाऱ्याने विसरू नये. मागणाऱ्याने स्वतःला विचारावे, माझी आई, माझी लेक या चौथ्या गटात असती तर मला चालले असते का? ज्याला विठ्ठल सर्वांभूती दिसतो त्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

आणि आपण? आपल्या राहाता तालुक्यात लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिर्डीला मोठी रुग्णालये आहेत. उद्या कोठेही कोणी संशोधनासाठी सही मागितली, तर घाबरू नये आणि भुलूही नये. मला कोणत्या गटात ठेवणार, उपचार न मिळणारा गट आहे का, मध्येच बाहेर पडलो तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील का, हे विचारावे. विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही.

दुसरी गोष्ट ऋणाची. धाराशिवच्या त्या ६४ जणींची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांतल्या कितीजणींच्या गळ्यात तुळशीची माळ असेल, किती जणी आषाढीला चालल्या असतील, कोण जाणे. त्यांच्या जिवावर कळलेली गोष्ट आता सर्व जगाची झाली आहे: वेळेवर तपासले तर हा रोग आधीच सापडतो आणि बाई वाचते. तरीही आपल्या घरातल्या कितीतरी मायबहिणी लाजेने किंवा सवड नाही म्हणून एकदाही तपासणीला गेलेल्या नाहीत. त्या ज्ञानाची कावड मुक्कामाला पोचली आणि पाणी तसेच भरलेले राहिले, असे होऊ नये.

दिंडीत हरिपाठ झाल्यावर चोपदार दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामाची सूचना देतात. तेव्हाच एखाद्या जाणत्या माउलीने तिशी ओलांडलेल्या सगळ्या जणींना या तपासणीविषयी दोन शब्द सांगावेत. एवढे या वारीपासून करता येण्यासारखे आहे.

राम कृष्ण हरि!