तिवराला वन म्हणताना

डोंबिवलीहून निघालेली लोकल कळवा सोडून खाडीच्या पुलावर येते, तेव्हा ओहोटी असेल तर काठच्या चिखलातून वर आलेल्या तिवराच्या श्वसनमुळांच्या खुंट्या दिसतात. त्याच डब्यात सेमी-इंग्रजी शाळेतलं एखादं मूल परीक्षेसाठी ‘मॅन्ग्रोव्ह’, ‘हॅबिटॅट’, ‘इकोसिस्टिम’ घोकत असतं. खिडकीबाहेर दिसतं तेच पुस्तकात आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

शब्दाचं अर्थाशी नातं काय, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. मीमांसक ते नातं नित्य मानतात. नैयायिकांच्या मते तो संकेत, ठरवून दिलेला. नैयायिकांचं धरलं तर ‘तिवर’ जाऊन ‘मॅन्ग्रोव्ह’ आलं म्हणून काय बिघडलं? इथे व्याकरणकार भर्तृहरी आडवा येतो. शब्दाचा स्पर्श नसलेलं ज्ञानच नाही, असं तो ‘वाक्यपदीया’त मांडतो. मग शब्द बदलला की ज्ञानही थोडं बदलणारच.

अर्न्स्ट हेकेलने १८६६ साली ‘इकॉलॉजी’ हा शब्द घडवला तो ‘घर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्यासाठी चिनी मुलं ‘शंगथाय’ शिकतात. त्यात जगणं आहे आणि त्या जगण्याची अवस्था आहे. मराठी ‘पर्यावरणा’त मात्र आवरण आहे: मधोमध माणूस, बाकी सगळं त्याच्याभोवती. शब्द सोयीचा आहे, पण घरातल्यांना तो बाहेर उभं करतो.

संकेताचं बळ ठाण्याच्या खाडीने अनुभवलं आहे. भरतीचं पाणी शिरणारं खाजण वर्षानुवर्षं पडीक समजलं गेलं, भरावाला मोकळं. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी जमिनीवरची तिवरं संरक्षित वन ठरवायला सांगितली. २०१५ मध्ये खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ती रामसर करारातलं पाणथळ स्थळ झाली. चिखल तोच होता. ‘वन’ म्हटल्यावर त्याला वाली मिळाला.

म्हणून नव्या शब्दांशी भांडण नको. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी कारखान्यांचं सांडपाणी घेत कल्याणला उल्हास नदीला मिळते. त्यातलं विष मासळीतून माणसाच्या ताटात कसं येऊ शकतं, हे ‘अन्नसाखळी’ या शब्दावाचून मुलाला समजावणं कठीण.

पण ‘टाइड’ म्हणताना काय हातचं जातं, तेही पाहावं. कोळ्याच्या तोंडी भरती नुसती भरती नसते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण वेगळं, अष्टमीच्या आसपासचा भांग वेगळा. शब्दातच तिथी आहे, चंद्र आहे, होडी कधी काढायची तेही आहे. ठाण्यालगतच्या येऊरच्या डोंगरातला बिबट्या वारल्यांच्या लेखी वाघोबाच. ‘अव्वल भक्षक’ म्हटलं की त्याची साखळीतली जागा कळते. वाघोबा म्हटलं की माणसाने त्याच्याशी कसं वागायचं, तेही कळतं. हे दुसरं ज्ञान प्रश्नपत्रिकेत बसत नाही, म्हणून ते ज्ञान नव्हे असं मानणं ही शिक्षणाची मोठी चूक आहे.

नारळी पौर्णिमेला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून वाजतगाजत नारळ निघतो आणि खाडीला अर्पण होतो. पौर्णिमा, म्हणजे उधाण. भर भरतीच्या वेळी पुलावरून लोकल गेली, तर त्या खुंट्या दिसत नाहीत. तिवरांचे फक्त शेंडे पाण्यावर असतात.