घार आणि स्पंज

भनपुरी हा रायपूरचा कारखान्यांचा भाग. येथे मान वर केली की धुरकट आकाशात घारी दिसतात, आणि खाली पाहिले की ‘स्पंज आयर्न’ वाहून नेणारे ट्रक. लोहखनिज न वितळविता त्यातील प्राणवायू काढून घेतला की लोखंड सच्छिद्र उरते; म्हणून त्याला एका सागरी प्राण्याचे नाव मिळाले. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरी या नावामुळे ही विजोड जोडी आमच्या मनात एकत्र आली आणि प्रश्न पडला: या दोघांत निरपराध कोण?

उत्तर सोपे वाटते. घारीची झडप डोळ्यांना दिसते. स्पंजाला तोंड नाही, स्नायू नाहीत, मज्जातंतूही नाहीत. एका जागी चिकटून राहावे, अंगावरच्या असंख्य छिद्रांनी पाणी आत घ्यावे आणि मोठ्या छिद्राने बाहेर सोडावे, एवढाच त्याचा व्यवहार. जणू अजगरवृत्तीचा साधूच!

परंतु त्या पाण्यातून तो ठेवून काय घेतो? जिवंत जीवाणू. आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी तो दिवसाकाठी गाळतो. १९९५ साली तर भूमध्य समुद्रातील एका गुहेत चिमुकले कवचधारी जीव पकडून पचविणारा स्पंज आढळल्याचे प्रसिद्ध झाले. उलट घार पुष्कळदा मेलेले आणि टाकलेलेच उचलते. नुसती डोकी मोजायची तर पारडे स्पंजाचेच जड.

अर्थात डोकी मोजून नीती ठरत नाही. महाभारताच्या वनपर्वात कपोताचा पाठलाग करीत आलेला श्येन उशीनर राजापुढे उभा राहतो आणि आपल्या भुकेची बाजू मांडतो. राजा त्याला उत्तर देऊ शकतो, मोबदला देऊ शकतो. शिकाऱ्याला चेहरा आहे, म्हणून त्याच्याशी वाद शक्य आहे. स्पंजाशी कोणी आणि कसा वाद घालावा?

येथे आम्हां नोकरदारांना थोडे अवघडल्यासारखे होते. आपण कुणावर झडप घालीत नाही, कुणाचा घास हिसकावीत नाही. एखाद्या निवृत्ताचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण एका छिद्रातून आत येते आणि ‘त्रुटींसह परत’ असा शेरा घेऊन दुसऱ्यातून बाहेर पडते. मधल्या मध्ये त्याच्या आयुष्याचे काही महिने गाळले जातात. आता फाइली संगणकावरून सरकतात. छिद्रे अधिक बारीक झाली, इतकेच. १९०७ साली विल्सन या शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला, तर सुट्या पेशी एकत्र येऊन पुन्हा स्पंज तयार झाला. खात्यांच्या पुनर्रचना पाहिलेल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

आमचे एक स्नेही म्हणतात, ‘जिथे मज्जातंतू नाहीत तिथे दोष कसला?’ स्पंजापुरते हे आम्हांस मान्य आहे. पण शेरा लिहिणाऱ्याला मज्जातंतू असतात. समोरच्या अर्जावरील थरथरती सही त्याला दिसत असते. त्याला ही सवलत कोणत्या नियमाखाली द्यावी?