हिशेबात कोणाला धरायचे?

एखादी मोठी कंपनी नव्या शोधांपैकी एक हाती घेते व दहा बाजूला ठेवते, तेव्हा तिच्यापुढे ठरावीक प्रश्न असतात. हे साधेल काय? खर्च किती येईल? माल घेणार कोण? प्रश्न रास्त आहेत. ते न विचारणारी कंपनी बुडेल, आणि तिच्याबरोबर तिच्या कामगारांचे संसारही. मग या निवडीत नीतीचा संबंध येतो कोठे? दोन औषधांच्या हकिकतींवरून याचा विचार करू.

आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या चाव्याने निद्रारोग होतो. तो मेंदूपर्यंत पोहोचला की रोगी गुंगीत जातो आणि उपचार न मिळाल्यास बहुधा दगावतो. त्यावरचे जुने औषध सोमलाचे होते. ते घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे पाच जण त्या औषधानेच मरत. मूळ कर्करोगासाठी तयार केलेले एफ्लॉर्निथिन या रोगावर गुणकारी ठरले व १९९० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बेशुद्ध पडलेले रोगी उठून बसू लागले, म्हणून त्याला 'पुनरुत्थानाचे औषध' असे नाव पडले. परंतु ज्यांना ते हवे होते त्यांच्यापाशी पैसा नव्हता. काही वर्षांतच उत्पादन थांबले. पुढे २००० साली त्याच द्रव्याच्या मलमाला स्त्रियांच्या चेहऱ्यावरील लव कमी करण्यासाठी मान्यता मिळाली! २००१ साली अव्हेंटिस कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेला निद्रारोगासाठी ते पुरवण्याचे कबूल केले.

येथे कोणी दुष्टपणा केला असे म्हणता येणार नाही. बेरीज बरोबरच होती. पण बेरजेला बसण्यापूर्वीच कोणाला मोजायचे हे ठरून गेले होते. चेहऱ्यावरची लव हिशेबात बसली. मरणारा माणूस बसला नाही.

दुसरी हकिकत मर्क कंपनीची. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी मातीतून मिळवलेल्या जीवाणूपासून मर्कच्या शास्त्रज्ञांनी गुराढोरांच्या जंतांवर आयव्हरमेक्टिन हे औषध तयार केले. ते भरपूर खपले. विल्यम कॅम्पबेल या शास्त्रज्ञाने १९७८ साली सुचवले की, नदीकाठच्या काळ्या माशीमुळे माणसांना अंधत्व आणणाऱ्या रोगावरही ते चालेल. त्या रोगाच्या भीतीने आफ्रिकेत नदीलगतची सुपीक जमीन सोडून गावेच्या गावे उठून जात. गिऱ्हाईक म्हणून पाहिले तर हे लोक शून्यच होते. तरी संशोधनप्रमुख रॉय व्हॅजेलोस यांनी होकार दिला. १९८१ साली सेनेगलमध्ये माणसांवर चाचणी सुरू झाली. औषध लागू पडले, पण त्याचे पैसे देण्यास कोणी पुढे आले नाही. अखेर १९८७ साली कंपनीने जाहीर केले की, लागेल तितके व लागेल तितकी वर्षे ते फुकट देऊ. ते आजही दिले जात आहे. २०१३ साली कोलंबिया या रोगातून मुक्त झाला आणि पुढे आणखी काही देशही.

कोणी म्हणेल, गुरांच्या औषधाचा नफा होता म्हणून हे दान परवडले. खरे आहे. नफा हे पाप नव्हे. त्याच्यावाचून ते दानही झाले नसते. परंतु नफा अनेकांपाशी असतो. फरक पडला तो शून्य गिऱ्हाइकांनाही माणूस म्हणून मोजल्याने.

तरीही एका भल्या अधिकाऱ्याच्या मनावर लाखोंचे डोळे अवलंबून असावेत, हेही बरे नव्हे. म्हणूनच दुर्लक्षित रोगांच्या औषधांसाठी २००३ साली एक स्वतंत्र संस्था जिनीव्हात स्थापन झाली. तिने सानोफीबरोबर निद्रारोगावर तोंडाने घेण्याच्या गोळ्या तयार केल्या. २०१८ साली त्यांना मान्यता मिळाली. अव्हेंटिस याच सानोफीत २००४ साली विलीन झाली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हिशेब मांडण्याची रीत बदलता येते.

आपण कोणी औषधांचे कारखाने चालवत नाही. पण मंडळीचे अंदाजपत्रक, शाळेचा खर्च, घरची मासिक यादी आपणही करतोच. पुढच्या वेळी बेरीज बरोबर आली म्हणजे वही लगेच मिटू नये. कोणाचे नाव लिहायचेच राहून गेले, एवढे एकदा पाहावे.